गाण्यातली हनीफची जागा

खोटं वाटलं तर वाटू दे. लोकांना पटवून द्यायचा मला आता कंटाळा आलाय.

फेब्रुवारी २००९. दुबईतलं रास अल खोर. रात्र नाही, अमावस्या नाही, शुक्रवारी भरदुपारी घडलंय हे.

मी सदानंद. तिथे एका मित्राच्या रिकाम्या गोडाउनमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. मी ड्रम्सवर, वीणा गायला आणि कीबोर्डला, हनीफ गिटारवर. मंदीत हनीफची नोकरी गेली आणि महिन्याभरात हार्ट अटॅकने तोही गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो! एवढा राग आला होता मला... पण काढणार कुणावर?

मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात त्याचं आवडतं गाणं करायचं ठरलं. पन्नासच्या दशकातलं अमेरिकन रॉक अँड रोल. असल्या गाण्यांनी जगभरच्या आईबापांची झोप उडवली आणि पोरांच्या हातात गिटारी दिल्या. नागपूरच्या हनीफच्याही. अब्बांचा मार खाल्ला, पण पठ्ठ्याने गिटार सोडली नाही. ऑफिसच्या पार्टीत त्याने सुरुवात केली की मल्याळी, फिलिपिनो, लेबनीज, सगळे खुर्च्या सोडून नाचायचे.

त्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि एकटी गिटार वाजते. ती जागा आम्ही रिकामीच ठेवणार होतो.

थांबलो...

गिटार वाजली.

वीणाचा चेहरा पांढराफटक. "सदा, माझा हात नाहीये रे कीबोर्डवर..."

मी सगळ्या वायरी काढल्या. नुसत्या ड्रम्सवर पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबलो...

वाजलीच. तोच हनीफ, नेहमीसारखा जरा घाईत.

त्याच्या बायकोला, कुलसुमभाभीला, आम्ही कळवलं. ती रविवारी कायमची नागपूरला निघणार होती. "एक बार सुनना है, भाई. बस, एक बार," म्हणत दुसऱ्याच दिवशी आली.

वाजवलं. थांबलो...

गिटार अशी वाजली की माझ्या अंगावर काटा आला.

भाभी आमच्याकडे बघतच राहिली. "रुक क्यों गए? बजाओ ना."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. आम्हाला ऐकू येतंय, तिला नाही! बिचारी ओढणीचं टोक मुठीत धरून, कान देऊन बसलेली. माझं डोकंच फिरलं. त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ओरडलो, "अरे गाढवा, आम्हाला काय ऐकवतोस? तिला ऐकव ना!"

वीणा म्हणाली, "शेवटचं एकदा, सदा."

थांबलो...

काहीच नाही. चालू असलेल्या एसीची घरघरसुद्धा नाही.

मी वीणाकडे बघितलं. तिने मान हलवली. तिलाही काही ऐकू आलं नव्हतं.

भाभीने डोळे पुसले आणि उठली. "सुना, भाई. खलास. अब चलते हैं."

रविवारी ती गेली.

तेव्हा त्याने फक्त तिच्यासाठी वाजवलं? की आमची तोंडं बघून ती खोटं बोलली? इतकी वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. वीणा वैतागून म्हणते, "एकदाचा फोन करून विचार ना!" नंबर आहे माझ्याकडे. कितीदा तरी काढतो...

आणि ती "नहीं" म्हणाली तर?

नाही लावत मी फोन.