जास्तीची एक रांग

“हलू नका! आहात तिथेच… अगदी तशाच बसा!”

दचकून तिच्या हातातलं सँडविच पडता पडता राहिलं. दुपारची सुट्टी होती, स्टेडियम रिकामं होतं, आणि मैदानाच्या कडेला कुणीतरी तीन लाकडी पायऱ्या ठोकून ठेवलेल्या. सावलीत बसून चार घास खावेत, एवढंच तिच्या मनात होतं. वळून पाहिलं तर सर्वांत वरच्या पायरीवर एक तरुण, कानामागे पेन्सिल, मांडीवर वही.

“का? या बसायच्या पायऱ्या नाहीत का?”

“बसायच्याच! म्हणजे… मी इंजिनिअर, आणि हा प्रेक्षकांच्या नव्या स्टँडचा नमुना. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याला ती लाल फीत दिसायला हवी.” त्याने मैदानाच्या कडेकडे बोट दाखवलं. “पण पुढे बसायला सकाळपासून कुणी मिळत नव्हतं.”

“मग आता मिळालं?”

“मिळालं की,” तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. इंजिनिअर लोकांना एवढं लाजता येतं, हे तिला नवीनच होतं.

ती क्लबच्या तिकीट खिडकीवर कामाला होती. हाडापेराने ताडमाड, म्हणून ऑफिसात सगळे तिला ‘मनोरा’ म्हणत. शाळेत शेवटचं बाक, फोटोत शेवटची ओळ, आणि कधी पुढे बसलीच तर मागून हाक ठरलेली, “अगं, जरा वाक की!” वाकून वाकून मानेला तेच वळण पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्याही. मैत्रिणीने विचारलं, “हल्ली जेवायला खाली कुठे जातेस गं?” तर म्हणे, “हवा छान असते.” हवा छान होतीच म्हणा! गवतावर पाण्याचे फवारे फिरत, वाऱ्याची झुळूक आली की बारीक तुषार थेट गालावर येत, आणि मागून पेन्सिलीची कुरकुर ऐकू येई. ती पुढे बघत बसायची, तो मागून मोजत बसायचा. समोर एकही खेळाडू नसताना मैदान इतकं सुंदर दिसतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

“तुमच्या खिडकीवर म्हणे लोक रडतात?” त्याने एकदा विचारलं.

“रडतील नाही तर काय! वर्षभराचं सीझन तिकीट सोडणारा माणूस म्हणजे उंबराचं फूल. अठरा हजार लोक यादीत ताटकळलेत. तुमच्या स्टँडमध्ये जागा किती? चार हजार.” ती थांबली. “आणि माझ्या बाबांचा नंबर चार हजार शहाण्णव.”

बाबा बस चालवायचे. तीस वर्षं त्यांनी दर सामन्याला माणसं या फाटकाशी आणून सोडली आणि स्वतः मात्र गाडी वळवून परत गेले. निवृत्त झाले त्याच दिवशी यादीत नाव घातलं. त्यालाही आता आठ वर्षं होत आली होती.

त्याने वहीत भराभर काही आकडे मांडले. मग म्हणाला, “छप्पर काही वर जाणार नाही. पण पायऱ्या जराशा बुटक्या चालल्या, तर एक रांग जास्तीची बसेल. एकशे चाळीस जागा. माप काय सांगतं ते बघू.”

“माझ्यासाठी काही करू नका हं!”

“तुमच्यासाठी नाही. मापासाठी.” पण हसला मात्र तिच्यासाठीच.

दहाव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, “बसली! रांग बसली!” तिने बाबांना सांगितलं. बाबा लगेच उठले, कपाटातून जुने बूट काढले आणि पॉलिश करायला बसले. ते पाहून तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नुसता तरंगत होता. “खरं श्रेय तुमचं! मुद्दाम दुसऱ्या कुणाला बसवलंच नाही मी. तुमच्या डोक्यावरून दिसलं की कुणाच्याही डोक्यावरून दिसणार!”

तिचा हात मानेकडे गेला. दहाही दिवस ती मान खाली घालून बसली होती. मागच्याला दिसावं म्हणून… नेहमीसारखी.

ती तशीच उठून खिडकीवर परतली. दुपारभर चुकीची तिकिटं फाडली. घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, “गप्प राहिले, तर तुमची जागा पक्की आहे.”

बाबांनी बुटांकडे पाहिलं. “मागचं दिसत नसताना मी कधी गाडी हलवली नाही, पोरी. जा. सांग त्याला.”

जागेचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त भीती त्याच्या चेहऱ्याची वाटत होती. सकाळी कामाला जाण्याआधी तिने पायऱ्यांपाशी त्याला गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं, “तुमची मापं चुकलीत. मी वाकून बसत होते. माझी सवय आहे. चूक माझी आहे.”

तो खाली बसला. वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

“मान वाकलेली मला दिसत होती,” तो हळूच म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं… मी मागे आहे म्हणून तुम्ही लाजताय.” त्याने डोळे मिटून घेतले. “इतका आनंद झाला होता, की दुसरं काही सुचलंच नाही. चूक माझीच. इंजिनिअरची.”

फवारा फिरून आला, दोघांना भिजवून गेला. दोघंही जागचे हलले नाहीत.

“निम्मी सवय होती,” ती म्हणाली.

“आणि निम्मी?”

“निम्मी… तुम्हाला वाटलं तीच.”

मग ती मधल्या पायरीवर बसली. “ताठ बसा,” तो मागून म्हणाला. असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ती बसली… पाठ सरळ, हनुवटी वर. लाल फीत त्याला दिसेना. पायऱ्या पुन्हा उंच झाल्या, रांग गेली, आणि बाबा होते तिथेच राहिले, शहाण्णव जागांनी मागे. साहेबांची बोलणी त्याने मुकाट्याने खाल्ली.

रविवारी तो तिच्या घरी आला. बाहेरगावचा सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. गॅलरीत तीन खुर्च्या आणि एक रेडिओ होता. तो बाबांसमोर उभा राहिला.

“तुमची जागा माझ्यामुळे गेली,” तो म्हणाला.

बाबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग स्वतःची खुर्ची उचलून कोपऱ्यात, पार खांबाआड नेली. तिथून रस्तासुद्धा धड दिसत नव्हता.

“बाबा, तिथे कशाला? इकडे या ना!”

“मला रेडिओ ऐकायचाय, त्याला बघायला काय लागतं?” बाबा म्हणाले. “बसा तुम्ही दोघं. शेजारी शेजारी दोन जागा मिळणं सोपं नसतं बाबांनो… मी यादीतला माणूस आहे, मला विचारा.”