सड्यावरच्या बेडकाचा आवाज

आवाज फोनमध्ये आहे, तरी तो ऐकता येत नाही. हे कसं काय, ते ओवीला काही केल्या उमगेना.

साल होतं २०५१. ओवीचे आजोबा बेडकांचे अभ्यासक. सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) राहणाऱ्या एका चिमुकल्या बेडकाचा आवाज त्यांनी तीस वर्षांपूर्वी फोनवर टिपला होता. त्यानंतर तो बेडूक कुणाला दिसलाच नाही. उद्या सड्यावर एक ऐकणारं यंत्र बसवायचं होतं. पण त्याला बेडूक ओळखायला शिकवायचं, तर नमुन्याचा आवाज हवा.

नवी बॅटरी घातल्यावर फोन सुरू झाला, पण रेकॉर्डिंगचं अ‍ॅप उघडताच बंद पडत होतं.

“गेला आवाज,” ओवी म्हणाली.

“अ‍ॅप फक्त फाइल वाजवून दाखवतं,” आजोबा म्हणाले. “ते बिघडलं म्हणून फाइल कशी जाईल?”

“मग ती आहे कुठे?”

“प्रत्येक अ‍ॅपची फोनमध्ये वेगळी खोली असते. एरवी तिथे दुसऱ्याला शिरता येत नाही. पण हा फोन मी तेव्हाच जेलब्रेक केला होता (कंपनीने घातलेली आतली कुलपं काढली होती). आता फाइल मॅनेजर उघड. साठवलेलं सगळं त्यात दिसेल.”

ओवीने उघडला आणि ती आणखीच गोंधळली. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर. नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. चुकून ती भलतीकडेच गेली.

“हा रिकामा दिसतोय. पुसू?”

आजोबांनी तिचा हात धरला. “थांब. फोन सुरू व्हायला तो लागतो. कुलपं काढली, की चूक करतानाही कुणी अडवत नाही.”

ओवीने बोट मागे घेतलं. नावांवरून काही कळणार नव्हतं. मग कशावरून कळेल?

“आवाज कधी टिपलात?”

आजोबांनी जुनी टिपणवही चाळली. “तेवीस जून. दुसऱ्याच दिवशी माझा पाय मोडला. पुढे ते अ‍ॅप उघडलंच नाही.”

ओवीने अ‍ॅपांच्या खोल्या तारखेप्रमाणे लावल्या. तेवीस जूनच्या दोन निघाल्या. पहिलीत फोटो होते. दुसरीत एकच फाइल, तीन मिनिटांची.

“हलवू नकोस. आधी प्रत कर,” आजोबा म्हणाले.

प्रत झाली. तिने ती वाजवली. आधी वारा, मग कुणाचं तरी खोकणं, आणि मग बारीक टिक्-टिक्-टीक.

आजोबांनी फोन कानाजवळ घेतला. “मला वाटत होतं, तो जाड आवाजात ओरडायचा,” ते हळूच म्हणाले. “इतकी वर्षं मला चुकीचंच आठवत होतं.”

यंत्र सड्यावर बसलं. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी सकाळी त्याचा संदेश आला: जुळणारा आवाज सापडला.

ओवीने तो आवाज लावला. टिक्-टिक्-टीक. आणि जरा लांबून, त्याला उत्तर देणारा दुसरा.