बशीभर रविवार

फलक १
जहाजांवरून उतरलेले काही स्वीडिश खलाशी परत गेलेच नाहीत. सिंगापुरातल्या पासिर पांजांगच्या या घरात त्यांनी आपली लुथरन ख्रिस्ती मंडळी उभी केली आणि—

एवढं लिहिलं, तोच दार उघडलं. बाहेर मार्चमधला धो धो पाऊस, दारात निथळणारा एक मुलगा. बसची वाट बघत होतो, आतून कॉफीचा वास आला... असं काहीतरी तो इंग्रजीत सांगू लागला.

उपासना नुकतीच संपली होती. त्यानंतरची कॉफी हा इथला नेम. मंडळीतल्या सर्वांत वयस्कर मार्गारेताबाईंनी शेवटचा कप त्याच्या हाती दिला. त्यानं घोट घेतला आणि पुटपुटला, "आई गं..."

मी मान वर केली. "मराठी?"

"कोथरूड. अनिमेष. तुम्ही?"

"एकता. नागपूर. इथल्या प्रदर्शनाचे फलक लिहितेय."

मला कॉफी उरली नाही हे बघून त्यानं अर्धी बशीत ओतली, बशी माझ्याकडे सरकवली. घरी करतात तसंच. मी प्यायले. आजूबाजूचे म्हातारे एकमेकांकडे बघून हसू लागले. का, कोण जाणे.

फलक २
सभासद घटत गेले. मुलं स्टॉकहोमला, सिडनीला गेली. २०१४ संपताना ही जागा सोडायची आहे, म्हणून हे इतिहासाचं प्रदर्शन.

अनिमेष दर रविवारी बुओना व्हिस्टाहून येऊ लागला. फलक टांगायला, म्हणे. माझं लिखाण त्याला रडकं वाटायचं, त्याचे खिळे मला वाकडे दिसायचे. कॉफी मात्र दोघांत एकच घ्यायचा. कप त्याचा, बशी माझी. बोटाला बोट लागलं की दोघंही बिस्किटांकडे बघायचो.

गोष्ट त्यापुढे जाईना. आणि जागा गेली की आमचा रविवारही जाणार होता.

फलक ४ (तिसऱ्याचा फोटो अजून आलेला नाही.)
आमच्या खलाशांना लग्नाचं विचारायला शब्द सुचत नसत. अर्धी कॉफी बशीत ओतून मुलीपुढे सरकवायची. ती प्यायली, की ठरलं—

मार्गारेताबाई सांगत होत्या. माझं पेन थांबलं.

"तुमचं तर मार्चमध्येच ठरलं की," त्या म्हणाल्या.

शेवटचा रविवार. तो कप घेऊन आला, नेहमीसारखा ओतू लागला. मी बशीवर हात ठेवला.

"याचा इथं काय अर्थ होतो, ठाऊक आहे तुला?"

"आहे. दुसऱ्याच रविवारी बाईंनी सांगितला."

"मग इतके महिने—"

"विचारतच होतो." त्याचे कान लाल झाले. "तू दर वेळी प्यायचीस. पण अर्थ न कळता... तो होकार कसा धरू?"

बाहेर बस आली, गेली. मी हात काढला. त्यानं ओतली, थोडी टेबलावर सांडली. बशी उचलून मी फुंकर घातली आणि त्याच्याकडे बघत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"पुढच्या रविवारी कुठं?" त्यानं हळूच विचारलं.

"क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या कॉफीच्या टपरीवर," मी म्हणाले. "पण ओतणार मी."