खिडकीपाशी खुर्ची, दाराशी स्टूल

ये, आत ये. दार नुसतं लोट, यांचा आत्ताच डोळा लागलाय. बसायचं मग सांगते, आधी ऐक. आणि तुझ्या या ताईला घरी न्यायला आली असशील तर तो विषयच काढू नकोस.

त्या दुपारी मी यांचे धुतलेले बनियन द्यायला आले होते, एवढंच. म्हाताऱ्यांच्या या देखभाल केंद्रात नुकतंच ठेवलं होतं यांना. घरी माझ्याच्यानं होईना, गॅस चालू ठेवून बाहेर निघून जायचे. खोलीच्या दारातच ऐकलं, हे हसत होते. तुझ्या भावजींना हसताना तू कधी पाहिलंस? जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं, दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि घरी आले की पेपर तोंडासमोर. तोच माणूस खिडकीपाशी बसून लाजल्यासारखा हसत होता, समोरच्या खुर्चीकडे बघून. खुर्ची रिकामी होती.

मी तिथे बसायला गेले, तर म्हणाले, "तिथे नको. ती बसलीय."

आणि मला दाराशी ठेवलेलं स्टूल दाखवलं.

भीती वाटायला हवी होती ना? छे, माझा नुसता तिळपापड झाला. रोज मी आपली स्टुलावर, आणि हे तिच्याशी गुलुगुलू. एकदा तर दोन्ही हात पुढे करून हवेतच तिच्या चष्म्याची फ्रेम नीट केली, कानामागे काडी दाबली, अगदी हलक्या हाताने. माझा चष्मा कित्येक वर्षं एका बाजूला कललाय, तो कधी दिसला नाही यांना. हे जेवायला गेले तेव्हा मी त्या खुर्चीवर हात ठेवून बघितला... ऊबदार होती. या खोलीत ऊन येतच नाही.

डॉक्टरांना म्हटलं, हे भास बंद करा. ते म्हणाले, गोळी आहे, पण विसरण्याच्या या आजारात म्हाताऱ्या माणसाला ती देताना दहादा विचार करावा लागतो. अंग ताठरतं, तोल जातो, माणूस गुंगीत राहतो, कधी जिवावरही बेततं. ते खुशीत आहेत, राहू द्या. मग मी सांगितलं, कसले खुशीत, घाबरतात, माझ्यावर हात उगारतात. साफ खोटं. थोडे दिवस देऊन बघू म्हणत त्यांनी गोळी लिहिली.

खुर्चीतली ती गेली. मी खुर्चीत बसले, चांगली पाठ टेकून. पण तिच्याबरोबर हेही गेले गं. मान छातीवर, तोंडातून लाळ, घास गालात तसाच धरलेला. माझ्याकडे तोंड करून बसवलं तरी डोळ्यांत कोणी नाही. सिस्टर भरवता भरवता म्हणाली, "काकू, त्रास त्यांना नव्हता. तुम्हाला होता." माझी मान वर होईना. डॉक्टरांना जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

परवा दुपारी यांची मान वर आली. मी खुर्चीतच होते. यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाआधी मी दुकानात चष्मा घ्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं होतं ना, तसंच. मग हात पुढे केले, माझी फ्रेम सरळ केली, कानामागे काडी दाबली. मला रडूच फुटलं. म्हटलं, वेडे, इतके दिवस स्वतःवरच जळत होतीस.

मग हे जवळ झुकले. "हळू बोल... बायको आलीय."

"कुठे?"

"स्टुलावर... रोज येते. नुसती बघत बसते."

मी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. पण वरचं रेक्झिन मधोमध दबलेलं, कोणी बसल्यावर दबतं तसं, आणि ते वर येत नव्हतं. माझ्या अंगावर एक नजर टोचत होती. ती मला चांगली ठाऊक आहे. तिथे बसून मीच तशी बघायचे.

तेव्हापासून ही खुर्ची मी रिकामी ठेवत नाही. सिस्टर येईपर्यंत उठत नाही, तिला इथे बसवूनच जाते. खुर्ची मोकळी दिसली की ती येऊन बसेल. सगळा संसार झाल्यावर आता कुठे हे माझ्याकडे बघतायत. ते मी कोणाला देणार नाही, ती मीच असले तरी नाही.

अगं, पाय दुखले का तुझे? थांब...

तिथे नको. ती बसलीय.