सात नंबरचा पॉवर सप्लाय

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी इथंच थांबावं. मला वाद घालायचा नाही. ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, दीपाच्या बाबतीत घडली आहे, आणि ज्याच्यासमोर घडली तो माणूस आजही पुसदमध्ये फिरतो.

साल २००६. मे महिना. वार सोमवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे दोन वाजले होते.

दीपा तेव्हा पुसदला बबनरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मशिनी दुरुस्त करायची. त्या वर्षी पेपर उघडला की कापसाचीच बातमी असायची. शेतात मजुरी उरली नव्हती, म्हणून बंजारा तांड्यावरच्या बाया शहरात झाडू-पोछ्याला येत. कांताबाई त्यातलीच एक.

क्लासचा एक नियम होता. चप्पल बाहेर काढायची. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणे! माणसाच्या पायाला काय चालतं, ते कोणी विचारलं नाही. कांताबाई रोज अनवाणी पायांनी, ओल्या फडक्यानं फरशी पुसायची.

"पोरी, हे सात नंबरचं डबडं मले चावते," ती दीपाला म्हणायची.

का चावतं, ते दीपाला माहीत होतं. भिंतीवरच्या बोर्डांना दोनच भोकं होती, म्हणून बबनरावांनी सगळ्या वायरींची तिसरी पिन कापून टाकली होती. ती अर्थिंगची पिन. आतला करंट कधी बाहेरच्या पत्र्यावर उतरलाच, तर त्याला जमिनीत जायला तेवढी एकच वाट असते. ती नसेल तर तो माणसातून जातो. दीपानं एकदा सांगून पाहिलं.

"तू मले शिकवू नको," बबनराव म्हणाले.

दीपा गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला आजही संताप येतो.

शनिवारी कांताबाई सात नंबरजवळ पडलेली सापडली. मुठीत ओलं फडकं तसंच होतं.

"ऊन लागलं," बबनरावांनी सगळ्यांना सांगून टाकलं. पारा सेहेचाळीसवर होता. लोकांना पटलं. रविवारी सकाळी सगळं उरकलंसुद्धा.

सोमवारी तिचा नवरा नेमसिंग दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"बाई, तुम्ही मशीनवाल्या हा. खरं सांगा. माही कांता कायनं मेली?"

दीपानं तोंड उघडलं... मागे बबनराव उभे होते. नेमसिंग थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

तो वळताच बबनरावांनी तिच्यासमोर रजिस्टर आपटलं. "उद्या क्लासच्या तपासणीले लोक येऊन राह्यले. सात नंबर चेक केला, ओके हाये, असं लिही आन सही कर."

"मी आधी खोलून पाह्यतो," दीपा म्हणाली.

"पाह्य ना. लाइन पाचशिवाय येत नाई." ते जेवायला घरी गेले.

बारा ते पाच लोडशेडिंग होतं. सगळं पुसद बंद होतं.

दीपानं त्या दिवशी नियम मोडला. रबरी चप्पल घालूनच ती आत गेली. डोकं नुसतं तापलं होतं. तिनं सात नंबरचा पॉवर सप्लाय काढून टेबलावर ठेवला. भिंतीतून आलेला करंट हाच डबा सगळ्यांना वाटून देतो. पिवळ्या वायरीतून बारा व्होल्ट, हार्डडिस्कच्या मोटरीला आणि पंख्याला. लाल वायरीतून पाच. नारिंगीतून तीन पूर्णांक तीन, नाजूक भागांना. ज्याला जेवढं पचतं, तेवढंच. मशीनच्या तुकड्यांची एवढी काळजी!

आणि कांताबाईला? अख्खे दोनशे तीस.

डबा उचलला तेव्हाच कळलं होतं. रिकाम्या डब्यासारखा हलका. स्वस्तातला माल. दीपानं सवयीनं हिरव्या आणि काळ्या वायरीत तारेचा तुकडा अडकवला. डबा एकटाच चालवून बघायचा असेल तर असंच करतात. मग तिचं तिलाच हसू आलं. गावात लाइन नाही, डब्याची वायरही लावलेली नाही. ती समोर टेबलावर पडली होती.

आणि...

डब्याचा पंखा फिरू लागला.

दीपानं मीटर लावलं. पिवळ्यावर बारा. लालवर पाच. नारिंगीवर तीन पूर्णांक तीन. सगळं अगदी नीट.

मग तिनं मीटरच्या वायरीचं एक टोक डब्याच्या पत्र्याला लावलं, दुसरं खिडकीच्या लोखंडी गजाला.

दोनशे तीस.

मागे बादलीची कडी वाजली... मग फडकं पिळल्याचा आवाज... मग पाण्याचे थेंब.

तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

फरशीवर मात्र ओली पावलं होती. अनवाणी. दारापासून थेट सात नंबरपर्यंत.

परत गेलेलं एकही नव्हतं.

तेवढ्यात बबनराव आले. सवयीप्रमाणे चप्पल बाहेर काढून, त्याच ओल्या फरशीवरून.

"झालं का लिहून?"

"सर, हात नका लावू. बॉडीत करंट हाये."

बबनराव हसले. "लाइन नाई, वायर नाई. करंट काय आभायातून आला? कायले नाटक करून राह्यली?"

आणि त्यांनी तळहात पत्र्यावर ठेवला.

हात चिकटला. दात वाजायला लागले, डोळे बाहेर आले. लाकडी स्टूल दीपाच्या हाताशी होतं. त्यानं एक ढकल दिली असती तर हात सुटला असता.

तिनं स्टूल उचललं नाही.

आणि त्या खोलीत प्रश्न आला. कांताबाईला ऊन लागलं होतं का करंट?

"करंट!" बबनराव ओरडले. "करंट! करंट लागला तिले!"

मगच दीपानं स्टूल मारलं. ते बाजूला कोसळले. पंखा थांबला.

दीपानं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं. सात नंबर. बॉडीत करंट. अर्थिंगची पिन कापलेली. कांताबाई शॉक लागून गेली. खाली बबनरावांनी डाव्या हातानं सही केली. संध्याकाळी दीपा स्वतः तांड्यावर गेली आणि नेमसिंगला खरं सांगून आली.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी तो डबा खोलला. आतला फ्यूज जळून काळा झाला होता. हा शनिवारीच मेला आहे, ते म्हणाले. त्यानंतर तो चालणं शक्यच नाही.

बबनराव वाचले. उजवा हात मात्र अजून नीट मिटत नाही. ते सांगतात, तो प्रश्न दीपानं विचारलाच नव्हता. ती नुसती उभी होती. प्रश्न दाराकडून आला, आणि तोही तांड्यावरच्या बोलीत. त्यांचं बालपण तांड्याशेजारी गेलं, म्हणून त्यांना कळला. दीपाला त्या बोलीतला एक शब्द येत नाही.

मी हे तिला एकदा विचारलं. ती भयंकर चिडली.

"मीच विचारलं," ती म्हणाली. "मीच. नाई तर मी नुसती पाहत उभी होती, असं होते."

त्यानंतर मी तिला काही विचारलेलं नाही.