डावीकडची शेवटची पट्टी

खोटं बोलायला मला वेळ नाही, तरी माझं कोणी ऐकत नाही. नवरा म्हणतो, स्वप्न पडलं असेल. धाकटी बहीण म्हणते, डॉक्टरला दाखव. मी चौथीपर्यंत शिकले, म्हणून काय मला कान नाहीत?

आमच्या आईचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. ती भावाकडे असायची. दादा सुतार. त्यानं पोरीसाठी कुणाचा तरी वापरलेला, सेलवर वाजणारा कीबोर्ड आणला होता. पोरगी वसतिगृहात गेली नि तो पडून राहिला. मी तो आईच्या उशाशी ठेवला. तिचा डावा हात तेवढा चालायचा. डावीकडची शेवटची पट्टी तिची. भों वाजायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, लागोपाठ म्हणजे कोणीतरी या. हे मीच शिकवलं.

एका रात्री आई गेली. "झोपेतच गेली गं," दादा म्हणाला. "रात्रभर आवाज नाही." वहिनी खाली मान घालून बसली होती. मी कीबोर्ड घरी आणला, तर नेमकी तीच पट्टी घट्ट बसलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली. वर्षभर मी वहिनीचं तोंड पाहिलं नाही.

मागच्या मंगळवारी रात्री दुकान बंद करून भिंगकाका आले. रेडिओ-बिडिओ दुरुस्त करतात, एका डोळ्याला कायम भिंग.

"चहा सांडला असेल, ताई," स्क्रू काढत ते म्हणाले. "एका पेटीत तर झुरळांचं अख्खं कुटुंब निघालं. भाडं न देता राहत होतं."

पट्टी उचलली. खाली तपकिरी, काचेसारखा कडक थर. त्यांनी गरम पाण्याचा फडका दाबून धरला. थर मऊ झाला आणि वास आला.

तो वास मला कोणी सांगायला नको. सुताराची पोर मी. सरस होता तो, लाकूड चिकटवायचा. आता सगळे डब्यातला पांढरा गोंद वापरतात, पण बापाचं सरसाचं भांडं दादाकडे अजून आहे. वहिनी ते गॅसवर तापवून देते.

"वहिनीनंच ओतला," मी म्हणाले. "आईची हाक बंद केली तिनं."

"मी पट्टी दुरुस्त करतो, ताई. घर दुरुस्त करत नाही."

त्यांनी सगळं खरवडलं, पट्टीखाली नवं रबर बसवलं. सेल गळके होते, ते काढून घेऊन गेले. वायर तर मुळात नव्हतीच.

दीडच्या सुमारास जाग आली.

भों. भों. भों. भों.

नवरा घोरत होता. मी उठले. भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. स्वयंपाकघरातला दिवा लावला. टेबलावर पट्टी खाली जात होती… वर येत होती.

"आई, पाणी हवं?"

भों भों.

"कूस वळवू?"

भों भों.

"त्या रात्री हाका मारल्यास तू?"

भों.

नळ ठिबकत होता. मी खुर्ची ओढून बसले.

"वहिनीनं सरस ओतला ना?"

एक भों. मी मान हलवली. वर्षभर त्याच उत्तरासाठी थांबले होते.

मग… दुसरा.

नाही.

त्या घरात तेव्हा तीनच माणसं. एक अंथरुणात. दुसरी वहिनी, ती नव्हे.

मी नाव घेतलं. हळूच.

पट्टी खाली गेली. भों… लांब. खूप लांब. मग आवाज थांबला. पट्टी वर आली नाही.

सकाळी भिंगकाकांनी पुन्हा उघडून पाहिलं. खाली काही नाही. रबर कोरं. "वर यायला हवी," एवढंच म्हणाले आणि पैसे न घेता गेले. पट्टी अजून खालीच आहे. या, बघा.

वहिनीला फोन केला. म्हटलं, "चुकले मी. सरस तू ओतला नाहीस."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"वन्सं… तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी फोन ठेवला. नवरा अजून विचारतो, असं कोणाचं नाव घेतलंस त्या रात्री?

दादाचं.