पश्चिमेकडची भिंत

घर म्हणजे माणसं, हे खरं. पण ऊन-वारा-पाऊस अंगावर झेलते ती बाहेरची भिंत. म्हातारा गवंडी सकाळीच लेकीकडे आला तो त्या भिंतीपायी. पश्चिमेकडची ती. तिच्या आतल्या अंगाला महिन्याभराच्या नातवाचा पाळणा, आणि दुपारी वादळ येणार असं रेडिओ सांगत होता.

थापीच्या मुठीनं त्यानं भिंत वाजवली. पोकळ बोलत होती.

"बाबा, वरवर लिंपा. आधीच्या भाडेकरूंनी तेच केलं."

"वरवर लिंपून तुझ्या आईनं मला फसवलं, पावडरीनं," गवंडी हसला. "भिंतीला चालत नाही, पोरी."

छिन्नीनं त्यानं गिलावा पाडला. खाली दुसरा थर, त्यावर खोल खाचा. त्याखाली तिसरा, त्यावरही. नवा गिलावा धरून राहावा म्हणून गवंडी खाचा पाडतातच. त्याला नवल वाटलं नाही. तो विटेपर्यंत गेला. एक वीट खिळखिळी होती, ती उपसली. भोकातून पाळणा दिसला.

तोच आभाळ काळवंडलं आणि वारा भिंतीवर आदळला.

वारा घोंघावतो, शीळ घालतो. हा... हुंगत होता. भिंत चाचपत, विटा खरवडत वर येत होता. उघड्या विटांवर ओरखडे उमटले, हुबेहूब त्या खाचांसारखे. त्या खाचा कुणा गवंड्यानं पाडल्याच नव्हत्या.

त्यानं वीट भोकातून आत ढकलली. "आतून ठोकून बसव, पोरी! लवकर!"

"तुम्ही आत या ना!"

"मी आलो तर... ते पण येईल."

भोकाला पाठ लावून तो उभा राहिला. काहीतरी त्याच्या छातीवर धडकलं. त्या कशानंतरी गवंड्याला उचललं, भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. खांद्याचं हाड काडीसारखं मोडलं. दंडाचे लचके तुटत होते, रक्त तोंडावर उडत होतं, तरी दर वेळी पाठ त्यानं पुन्हा भोकालाच लावली. आतून लेक रडत रडत हातोडी घालत होती. वीट घट्ट बसली, तसा वारा एकदम पडला.

बाळाला ओरखडासुद्धा नव्हता.

दवाखान्यात नर्स जखमा धुऊ लागली. "कुत्र्यानं धरलं का, आजोबा?"

"वारा होता."

तिनं दिवा जवळ ओढला. दंडावरच्या खुणांवरून बोट फिरवत राहिली.

"हे दुधाचे दात आहेत," ती हळूच म्हणाली. "लहान मुलांचे. आणि तोंडं..."

ती मोजू लागली. सातव्या तोंडावर तिचा हात थांबला. अजून अर्धा दंड बाकी होता.